पॅकअपनंतरचे तीन तास : गोदाघाटावरच्या एका शूटिंगचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी चित्रपटाच्या नाशिकमधल्या शेड्यूलचं आहे. चित्रपटाचं, निर्मात्याचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. त्यातली बहुतेक जण आजही रोजंदारीवर याच क्षेत्रात काम करतात, आणि तक्रार करणारा म्हणून नाव झालं की पुढचे फोन यायचे बंद होतात. मी नाशकात लोकांना एकत्र बसवून चित्रपट दाखवते, नंतर त्यावर चर्चा घेते. त्या रात्री मी घाटावर बघ्यांच्या गर्दीत उभी होते. पुढच्या काही आठवड्यांत युनिटमधल्या आणि चाहत्यांमधल्या बऱ्याच जणांना भेटले. खाली लिहिलंय ते त्यांच्याकडून ऐकलेलं आणि एकमेकांशी ताडून पाहिलेलं.

युनिट थकलं ते फॅन लोकांनी घातलेल्या गोंधळामुळे, असं त्या शेड्यूलनंतर सगळीकडे बोललं गेलं. हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते नीट मांडावं म्हणून हा प्रपंच.

चार्टवर काय होतं

मध्यम बजेटचा चित्रपट. नायक तरुणांमध्ये लोकप्रिय. युनिट साधारण नव्वद जणांचं, बहुतेक मुंबईचे, काही नाशिकचे. जानेवारी महिना. नाशिकमधली दोन मोठी कामं बाकी होती. एक, गोदाघाटावर रात्रीची मिरवणूक. दुसरं, दिंडोरीच्या बाजूला एका द्राक्षबागेतले दिवसाचे तीन सीन.

घाटाची परवानगी शुक्रवार रात्रीची होती. बागायतदाराने शनिवारचा एकच दिवस दिला होता, कारण सोमवारपासून त्याची निर्यातीची काढणी सुरू होणार होती आणि त्याआधी बागेत नव्वद माणसं फिरलेली त्याला चालणार नव्हती. त्याचं बरोबरच होतं. वर्षभराचं पीक आणि औषधांचे उर्वरित अंश तपासून घेतलेला माल, तिथे कुणी सिगारेटसुद्धा पेटवलेली त्याला नको होती.

म्हणून चार्टवर, म्हणजे शूटिंगच्या वेळापत्रकावर, दोन्ही कामं एकामागोमाग लागली. शुक्रवारी दुपारी दोनचा कॉल (कामावर हजर व्हायची वेळ), रात्री एकपर्यंत काम संपवायचं, शनिवारी सकाळी नऊला बागेत. एक ते नऊ, आठ तास. निर्मात्याच्या टेबलावर हे आठ तास ठीकठाक दिसत होते.

मिरवणुकीला चारशेच्या आसपास माणसं हवी होती. ज्युनिअर आर्टिस्टचं बजेट पन्नास-साठ जणांचंच होतं. उरलेली गर्दी नायकाच्या नाशिकमधल्या फॅन ग्रुपकडून आणायची ठरली. पैसे नाहीत; वडापाव, चहा आणि ‘शॉटच्या मधल्या वेळात’ नायकासोबत फोटो. नायकाच्या मॅनेजरने हा शब्द फोनवर दिला आणि ग्रुपवर तो तासाभरात सगळीकडे पोचला.

घाटावर

दुतोंड्या मारुतीपासून पुढे पायऱ्यांवर दिवे लावले होते. पाण्यात प्रतिबिंब हवं होतं, म्हणून पलीकडच्या काठावरूनही मोठे लाइट मारले होते. तिकडे केबल न्यायला लाइटमन मुलं पुलावरून वळसा घालून जात होती. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. काठाशी उभं राहून ज्यांनी लाइट धरले त्यांच्या चपला भिजलेल्या होत्या.

चाहते मात्र संध्याकाळी सहापासूनच हजर. सातपूर, अंबड, सिडको, नाशिकरोड, अगदी सिन्नरहूनही मुलं आली होती. काहींनी ढोल आणले होते. नाशिकचा माणूस आनंद झाला की ढोल आणतोच, त्याला कुणी सांगावं लागत नाही. मिरवणुकीचा सीन म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपण वाजवलं तर बरंच होईल. पण चित्रपटाचं ध्वनिमुद्रण तिथल्या तिथे होत होतं, नायक-नायिकेचं बोलणं त्या गर्दीतच होतं, आणि ढोलाचा आवाज नंतर बसवायचा होता. गर्दीने हात हलवायचे, तोंडं हलवायची, पण आवाज काढायचा नाही, हे चारशे लोकांना समजावायला सहायक दिग्दर्शकांची सगळी टीम लागली. एकदा समजल्यावर त्या मुलांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टिपरू ढोलाच्या पानापासून बोटभर अंतरावर थांबवत, दंड घामाने चिंब होईपर्यंत, चारशे माणसं मुकी मिरवणूक नाचली. सलग आठ टेक. एकानेही कुरकुर केली नाही. इतकी एकाग्रता विकत मिळत नाही, आणि त्या रात्री ती फुकट मिळाली होती.

फोटोंची रांग हा दुसरा भाग. दर सेटअपनंतर मुलं ओळीत उभी राहायची, नायक येऊन उभा राहायचा. तो मनापासून उभा राहायचा, हेही सांगितलं पाहिजे. कुणाच्या आजीसाठी व्हिडिओ, कुणाच्या बहिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा. तोवर कॅमेरा लागलेला, फोकस घेतलेला, लाइटमन आपापल्या स्टँडशी उभे.

काम एकला संपलं नाही. पॅकअप झालं साडेतीनला.

हा अडीच तासांचा उशीर कुणामुळे? कंटिन्यूइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बघणाऱ्या सहायक दिग्दर्शिकेने प्रत्येक शॉटची वेळ वहीत लिहिली होती. ती वही मी पाहिली. फोटोंचा सगळा वेळ मिळून एक तास भरतो. उरलेला दीड तास क्रेन उशिरा आली त्याचा, आणि पाण्यात दिवे सोडण्याचा जो शॉट मूळ यादीत नव्हता, संध्याकाळी सुचला, त्याचा. तो शॉट सुंदर आहे. पण त्याची किंमत कुणाच्या झोपेतून वसूल होणार याचा विचार शॉट वाढवताना कुणी केला नाही. आणि फोटोंचा तासही चाहत्यांच्या माथी मारता येत नाही. त्यांना ती वेळ देऊ केलेली होती. मजुरीऐवजी फोटो असा तो सौदा होता, आणि सौद्याची वेळ चार्टमध्ये कुठेच धरलेली नव्हती.

पॅकअप कुणाचं?

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साडेतीनला ‘पॅकअप’ अशी आरोळी झाली. पाच मिनिटांत नायक गाडीत. पंधरा मिनिटांत दिग्दर्शक, कॅमेरामन. अर्ध्या तासात मेकअप, ड्रेस. लाइटवाल्यांचं काम तेव्हा सुरू झालं. तापलेले दिवे निवल्याशिवाय पेटीत जात नाहीत. पलीकडच्या काठावरचं सामान पुलावरून परत आणायचं. केबल दवाने ओली, हाताला बर्फासारखी लागणारी. ती पुसत पुसत गुंडाळायची, कारण ओली गुंडाळली तर दुसऱ्या दिवशी शॉक. सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादांना चारशे माणसांच्या चहाचे कप आणि वडापावचे कागद घाटावरून उचलायचे होते, ती परवानगीतली अट होती. शेवटची पेटी टेम्पोत गेली तेव्हा पाच वाजले होते. मुंबई नाक्याजवळच्या लॉजवर ही मुलं साडेपाचला पोचली.

आता दुसऱ्या दिवशीचा कॉल. युनिट नऊला. पण लाइट आणि जनरेटर युनिटच्या दोन तास आधी लागतो, म्हणजे सातला बागेत. म्हणजे सव्वासहाला निघायचं.

साडेपाच ते सव्वासहा. चार्टवर जे आठ तास होते ते लाइटमनच्या वाट्याला पाऊण तास म्हणून आले. काम वेळेवर, रात्री एकला संपलं असतं तरी त्याला तीन-सव्वातीन तासांपेक्षा जास्त झोप मिळाली नसती. हे चार्ट बनवणाऱ्याला ठाऊक असतं. शूटिंगची व्यवस्था पाहणाऱ्या प्रत्येक प्रॉडक्शन कंट्रोलरला ठाऊक असतं. कॉल शीटवर, म्हणजे हजर व्हायच्या वेळांच्या रोजच्या कागदावर, मात्र वेळ छापली जाते ती युनिटची, आणि युनिट म्हणजे जे शेवटी येतात आणि आधी जातात ते.

म्हसरूळच्या पुढे

जनरेटर व्हॅन चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे. युनिट त्यांना काका म्हणायचं. शुक्रवारी सकाळी नऊला ते डिझेल भरायला बाहेर पडले होते. मग घाट, मग रात्रभर जनरेटरपाशी, कारण जनरेटर सुरू असताना त्याला सोडून कुणी झोपत नाही. शनिवारी सकाळी साडेसहाला ते दिंडोरी रोडला लागले तेव्हा त्यांना जागून निदान साडेएकवीस तास झाले होते.

माणूस सलग सतरा तास जागा राहिला की त्याची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते, हे झोपेवरच्या संशोधनात वारंवार दिसलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. दारू प्यायलेल्या माणसाला आपण जनरेटरचा ट्रक चालवू देणार नाही. एकवीस तास जागलेल्याला मात्र ‘काका, जरा दमानं घ्या’ एवढं सांगून पाठवतो.

म्हसरूळ मागे पडल्यावर काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि कंट्रोलरला फोन लावला. म्हणाले, ‘मला रस्ता दोन-दोन दिसतोय. मी गाडी हलवणार नाही.’ कंट्रोलरने आधी विनवलं, मग आवाज चढवला. नऊचा कॉल, एकच दिवसाची परवानगी, निर्माता स्वतः येणार. मागून लाइटच्या टेम्पोतून येणारी ती सहायक दिग्दर्शिका उतरून त्यांच्याकडे गेली. तिनेही म्हणून पाहिलं, ‘काका, पंधरा मिनिटं डोळे मिटा, मग निघू.’ ते म्हणाले, ‘ताई, पंधरा मिनिटांचं काम नाही हे. समोरून शाळेची गाडी आली तर?’ किल्ली खिशात टाकली आणि केबिनमध्ये आडवे झाले.

माझ्या मते त्या संपूर्ण शेड्यूलमध्ये घेतलेला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हा होता, आणि तो घेण्याची वेळ युनिटमधल्या सगळ्यात कमी अधिकार असलेल्या माणसावर आली.

अशा वेळी नकार न देणाऱ्याचं काय होतं, याचं उदाहरण चित्रपटसृष्टीला नवीन नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत ब्रेंट हर्शमन हा सहायक कॅमेरामन एकोणीस तासांचं काम संपवून घरी जाताना चाकावरच झोपला आणि अपघातात गेला. त्यानंतर हॅस्केल वेक्सलर या नावाजलेल्या छायालेखकाने बारा तास काम आणि बारा तास विश्रांती अशी मागणी घेऊन अनेक वर्षं लढा दिला. आपल्याकडे १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यात लेखी कराराची अट होती. पण करारात दोन कॉलच्या मधली विश्रांती किती, हा रकाना या युनिटमधल्या एकाही रोजंदारीवाल्याने पाहिलेला नव्हता.

‘तुमचा रिलीव्हर कुठंय?’

साडेआठच्या सुमारास फॅन ग्रुपमधली पाच-सहा मुलं मोटारसायकलवरून बागेकडे निघाली होती. नायक दिवसाच्या उजेडात दिसेल म्हणून. कडेला उभी जनरेटर व्हॅन त्यांनी ओळखली आणि थांबली.

ग्रुप चालवणारा मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर. शुक्रवारी पहिली पाळी करून तो घाटावर आला होता, शनिवारी त्याची सुट्टी होती. काका तोवर जागे होऊन चहा शोधत होते. सगळं ऐकल्यावर या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘पण काका, तुमचा रिलीव्हर कुठंय?’

कारखान्यातल्या माणसाला हा प्रश्न आपोआप पडतो. पाळी संपली की पुढचा माणूस येऊन मशीन ताब्यात घेतो. तो नाही आला तर सुपरवायझर विचारतो, थांबतोस का. थांबला तर जादा तासांचे पैसे दुप्पट दराने. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आणि दुप्पट ओव्हरटाइम आपल्याकडे इतका रुजवला, की सातपूर-अंबडमधल्या कायम कामगाराच्या घरातली लहान पोरंही हा हिशेब जाणतात. रात्रभर ज्याच्या दिव्याखाली आपण नाचलो त्या माणसाला रिलीव्हर नसतो, हे त्या मुलाला खरोखर ठाऊक नव्हतं. मला म्हणाला, ‘ताई, मला वाटलं पिक्चरवाल्यांचं आमच्यापेक्षा बरं असतं.’

त्यांच्यातला एक जण ट्रक चालवायचा, अवजड वाहनाचा परवाना खिशात. तो म्हणाला, मी नेतो. कंट्रोलरचा फोनवरून होकारही आला. काकांनी किल्ली दिली नाही. जनरेटर त्यांच्या नावावर बाहेर आला होता, काही झालं असतं तर विमा आणि मालक दोन्ही त्यांनाच विचारणार होते. मुलांनी वाद घातला नाही. पुढे-मागे मोटारसायकली लावून, येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत तिथेच थांबली. काका आणखी दोन तास झोपले.

बागेत पहिला शॉट दुपारी दीडला लागला. सूर्य जाईपर्यंत तीनपैकी दोन सीन झाले. तिसरा राहिला तो कायमचाच. चित्रपट मी दोनदा पाहिला आहे. त्या सीनवाचून कुठेही काही अडत नाही.

बागायतदाराला मी नंतर विचारलं की युनिट दुपारी आलं असतं तर? ते म्हणाले, ‘मला दुसरा दिवस नको होता. त्या दिवशी तुम्ही केव्हाही या, माझं काय जातं?’ त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नऊचा कॉल नेहमीचा म्हणून लागला होता.

थकवा आणि त्याच्या पुढचं

इथे त्या सहायक दिग्दर्शिकेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण काकांचा थकवा झोपेने भरून निघाला, तिचा निघाला नाही.

ती पंचवटीतली. लहानपणी वडिलांबरोबर एकपडदा टॉकीजमध्ये दर आठवड्याला जायची, तिकिटं वहीत चिकटवून ठेवायची. याच वेडापायी मुंबईला गेली. सहा-सात वर्षं सलग सेटवर. मला भेटली तेव्हा म्हणाली की गेल्या वर्षभरात ती एकदाही थिएटरमध्ये गेलेली नाही. मॉनिटरवर चांगला शॉट दिसला तरी आत काही हलत नाही. ‘वहीत वेळ लिहिते, आणि मनात एवढंच येतं की आता पुढचा.’ घाटावरची मुकी मिरवणूक मी भारावून पाहत होते. तिने ती आठ टेकमधले हातातले रुमाल आणि टोप्या मोजत पाहिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या रोगांच्या वर्गीकरणात घेताना तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. ही कामाच्या जागेशी निगडित स्थिती आहे, आजार नव्हे, असंही स्पष्ट केलं. म्हणजे उपाय शोधायचा तो कामाच्या जागीच. तिला घरच्यांनी सांगितलं योग कर, ध्यान कर. तिला हवं होतं ते पॅकअप आणि कॉल यांच्यामधलं अंतर.

पडद्यामागे मोडणारा माणूस हा बहुधा एके काळचा सगळ्यात कडवा चाहता असतो. त्याच्या प्रेमाच्या भरवशावरच त्याला कमी पैशात, जास्त तास राबवता येतं. पैशांसाठी आलेला माणूस केव्हाच दुसरं काम बघतो; हा थांबतो. घाटावर फुकट नाचणारी मुलं आणि पहाटे ओली केबल गुंडाळणारी मुलं, दोघांच्याही पोटात तेच प्रेम होतं, आणि चार्टने दोघांकडूनही ते सारख्याच सहजपणे उचललं. ‘चाहते विरुद्ध युनिट’ ही मांडणी मला खोटी वाटते ती म्हणूनच.

नाशिककरांना तर हे जास्त कळायला हवं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट मुंबईत पूर्ण केला आणि त्याच वर्षी ते आपला कारखाना घेऊन नाशकात आले. त्याआधी रात्रंदिवस प्रयोग करताना डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली होती. सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात मी मुलांना घेऊन जाते तेव्हा ही गोष्ट सांगतेच, आणि सांगताना माझा गळा भरून येतो. पण फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली ती स्वतःची, दागिने गेले ते घरातले. चित्रपट त्यांचा होता. रोजावर आलेल्या लाइटमनकडून तोच त्याग अपेक्षिणं, आणि त्याला फाळक्यांचा वारसा म्हणणं, हे मला अन्यायाचं वाटतं. शिवाय त्या गोष्टीतल्या सरस्वतीबाईंचे कष्ट किती वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हते, तेही आठवावं.

चाहत्यांपर्यंत जे पोचतं त्याचाही यात हात आहे. शनिवारी दुपारी चित्रपटाच्या पानावर घाटावरच्या रात्रीची रील आली. पहाटेचे तीन, वाफाळणारा चहा, दात वाजवणारा नायक, खाली ‘कडाक्याच्या थंडीत रात्रभर शूट’. प्रतिक्रियांचा पाऊस, याला म्हणतात डेडिकेशन. त्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांत सातपूरचा तो मुलगाही होता. त्याने ती रील काकांना भेटण्याआधी पाहिली असती तर कदाचित आणखी भरभरून लिहिलं असतं. तो मला म्हणाला की लिहून झाल्यावर त्याला काका आठवले आणि त्याने ती प्रतिक्रिया काढून टाकली. थकवा हाच चित्रपटाच्या जाहिरातीचा माल झाला की तो कमी करण्याची इच्छा निर्मात्याला कुठून होणार, आणि चाहत्याला तो खटकणार तरी कसा?

पुढे काय बदललं

शनिवारी संध्याकाळी बागेतच बैठक झाली. निर्माता चिडलेला होता, पण हिशेबी माणूस होता. सहायक दिग्दर्शिकेने वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. नव्वद माणसांची शुक्रवारची जादा अर्धी शिफ्ट एका बाजूला, एका जादा ड्रायव्हरचा रोज दुसऱ्या बाजूला. त्याला आणखी समजवावं लागलं नाही.

नाशिकमधल्या उरलेल्या दिवसांसाठी तीन गोष्टी ठरल्या. कॉल शीटवर प्रत्येक विभागाची निघण्याची आणि परतण्याची खरी वेळ छापायची, आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल शेवटची पेटी टेम्पोत गेल्यापासून दहा तासांनी मोजायचा. जनरेटर आणि लाइट टेम्पोला दुसरा ड्रायव्हर. चाहत्यांचे फोटो कामाआधी, एकाच बैठकीत, चार्टमध्ये वेळ धरून. तिसरं जमवून आणलं ते फॅन ग्रुपनेच. त्यांनी नावांची यादी केली, टोकन वाटले, आणि पुढच्या रात्रीच्या सीनला दीडशे मुलांचे फोटो पाऊण तासात उरकले. एरवी गर्दी आवरायला जो सहायक दिग्दर्शक लागायचा तो मोकळा झाला. एका सीनच्या वेळी रात्री बारा वाजता दिग्दर्शकाने आणखी एक टेक मागितला तेव्हा गर्दीतूनच आवाज आला, ‘सर, लाइटवाल्यांचा कॉल किती वाजता आहे?’ टेक झाला, पण त्यानंतर लगेच पॅकअप झालं.

मुंबईच्या शेड्यूलमध्ये यातलं जवळजवळ काहीच टिकलं नाही. तिथे चाहते नव्हते, स्टुडिओ होता, आणि चार्ट पुन्हा जुन्या सवयीने लागला. काकांना त्याच निर्मात्याच्या पुढच्या चित्रपटाला बोलावलं गेलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. ते आता लग्नसराईत जनरेटर देतात आणि रात्री बाराला घरी असतात. सहायक दिग्दर्शिका काही महिने नाशकात राहिली. ती आता काम घेते, पण दहा तासांची अट करारात लिहून मागते, आणि त्यापायी दोन चित्रपट तिच्या हातून गेले.

सातपूरचा तो मुलगा आणि त्याचा ग्रुप मात्र ठाम आहे. बाहेरचं युनिट गर्दी मागायला आलं की ते दोन गोष्टी लेखी मागतात: शेवटचा माणूस लोकेशन सोडणार किती वाजता, आणि त्याचा दुसऱ्या दिवशीचा कॉल किती वाजता. एका युनिटने हा प्रश्न ऐकून फोन ठेवला, आणि बाहेरून पैसे देऊन गर्दी आणली. त्यानंतर आलेल्या एका वेब सीरिजवाल्यांनी दोन्ही वेळा लिहून दिल्या, जनरेटरच्या ड्रायव्हरच्या नावासकट. त्या रात्री ग्रुपने साडेतीनशे माणसं आणली, आणि यावेळी ढोल घरीच ठेवले.